गुडविनला चालवता येणार नाही अशी बंदूक

"मला अशी बंदूक दे, जी मला चालवता येईल आणि गुडविनला येणार नाही," मी डेल्बर्टला म्हटलं.

डेल्बर्टने कॉफीचा मग खाली ठेवला. गावात दुकान एकच आणि ते याचं. मैदा, जाळी, पेट्रोल, लहान पोरांचे लंगोट, बंदुका, सगळं एकाच छपराखाली. गुडविनचा चुलतभाऊ आहे, म्हणून मला वहिनी म्हणतो आणि दिराचे सगळे हक्क बजावतो. म्हणजे विचारलेलं सोडून बाकी सगळं सांगतो.

"वहिनी, लोक माझ्याकडे उलटं मागतात. बायकोला जमणार नाही अशी दे म्हणतात."

"दात काढू नकोस. तुला माहितीय सगळं."

त्याला माहीत होतंच. अख्ख्या गावाला माहीत होतं. गेल्या उन्हाळ्यापासून गुडविनच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळायला लागली होती. आधी नावं गेली, मग रस्ते. चर्चमधून घरी यायला निघाला आणि शाळेच्या मागे जाऊन उभा राहिला. पोरांनी हाताला धरून आणलं तर त्यांनाच विचारतो, तुम्ही कोणाकडे निघालात? शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी या दुखण्याचं लांबलचक नाव सांगितलं. ते नाव मी तिथेच पायरीवर सोडून आले.

नोराली, आमची मुलगी, शहरात, फेअरबँक्सला असते. ती रोज फोनवर एकच धोशा लावून बसली होती. "आई, बाबांना इकडे घेऊन ये. इथे चांगली जागा आहे." मी पाहिलीय ती चांगली जागा. एका ओळीत पलंग, आणि खिडकीतून दिसतात उभ्या केलेल्या गाड्या. आम्ही बघायला गेलो तेव्हा गुडविन टोपी हातात धरून दाराशीच उभा राहिला, निघेपर्यंत. पाहुण्यासारखा. कोणी बस म्हटलं तरी बसला नाही. मी मनात म्हटलं, इथे याला ठेवायचं तर मला आधी मातीत घाला.

कारण मला दुसरं एक माहीत होतं, जे नोरालीला माहीत नव्हतं. नदीच्या वरच्या अंगाला आमचं सापळ्यांचं घर आहे, शिकारीच्या दिवसांत राहायचं. शरद ऋतूत मूसच्या, त्या थोरल्या सांबराच्या, शिकारीला तिथे गेलो तर हा माणूस होडीतून उतरला तोच सरळ, पूर्वीसारखा. कुऱ्हाड कुठे, करवत कुठे, विचारावं लागलं नाही. नदीचं प्रत्येक वळण नावानं सांगितलं. डोकं विसरलं असेल, हात विसरले नव्हते. म्हणून मी ठरवलं होतं, हा हिवाळा आम्ही दोघं वर काढणार. पुढच्या वर्षी तो किती उरलेला असेल कोणास ठाऊक. मला एक हिवाळा हवा होता ज्यात माझा नवरा माझा नवरा असेल. एवढंच. यात मी जास्त काय मागितलं सांगा.

"बरं, जा," नोराली शेवटी म्हणाली. "पण बंदूक नेऊ नकोस. बाबांच्या हाताला लागेल अशा जागी बंदूक नको."

"वर? बंदुकीशिवाय? डोकं फिरलंय का तुझं?"

"हिवाळ्यात अस्वलं झोपलेली असतात, आई."

सरळ नाव घेतलं तिनं. बाईमाणसानं, मोठ्यानं, फोनवर. मी फोन कानापासून लांब धरला. आमच्याकडे बायका ते नाव घेत नाहीत. त्यांना मोठे म्हणतात, आजोबा म्हणतात. ते ऐकत असतात. हे सगळं माझ्या मांडीवर शिकलेली पोर, आणि शहराच्या विमानतळावर उतरताना सगळं झटकून टाकलं.

आणि सगळे झोपत नाहीत. त्या वर्षी नदीत सामन मासा जवळजवळ आलाच नव्हता, आणि बोरं पहिल्याच कडाक्यात जळाली. ज्याच्या अंगावर पुरेशी चरबी चढत नाही त्याला झोप लागत नाही. तो हिवाळाभर चालत राहतो. गुडविनची आजी सांगायची, असा चालणारा उघड्या पाण्यात शिरतो, मग बर्फात लोळतो. पाणी केसांवर गोठतं. रोज एक थर. शेवटी असं चिलखत होतं की गोळी घसरून जाते. चालताना त्याचा आवाज येतो. आणि ज्याला तो खातो त्याचा आवाजही तो घेतो, मग पुढच्या घराशी जाऊन त्याच आवाजात हाक मारतो. हे ती चामड्याचे बूट शिवता शिवता सांगायची, उद्या वारा सुटेल म्हणावं तसं. माझा विश्वास होता असं मी म्हणत नाही. नव्हता असंही म्हणत नाही.

तर बंदूक लागणारच होती.

डेल्बर्टने आधी पिस्तूल काढलं, कमरेला लावायचं, जाड नळीचं. "हात मोकळे राहतात. पाणी आणायला, लाकडं फोडायला बरं."

"हे चालवायचं कधी? आजोबांनी तोंडात घेतल्यावर?"

"जवळ यावं लागतं हे खरंय."

"आणि याला शिकायला काय लागतं? बोट असलं की झालं. ठेव ते."

मग त्याने मोठी रायफल ठेवली. पाहुणे शिकारी आणतात तसली, चकचकीत. मी खांद्याला लावली तर नळी आपोआप जमिनीकडे झुकली. डेल्बर्ट म्हणाला, "ही झाडलीस तर समोरचे पडतील, आणि तूही पडशील." पलीकडे मैदा बघत उभी असलेली बाई फिसकन हसली. मी तिच्याकडे बघितल्यावर तिला एकदम मिठाची आठवण झाली.

तिसरी बंदूक त्याने काढली आणि लगेच परत ठेवली. खालची कडी ओढून काडतूस भरायची ती. गुडविनची जन्मभराची बंदूक तशीच. झोपेत दिली तरी त्याचे हात ती चालवतील. ती जुनी मी ब्लँकेटमध्ये गुंडाळून आणलीच होती, डेल्बर्टकडे ठेवायला. त्याने ती घेतली, वरच्या फळीवर ताडपत्रीच्या मागे सरकवली आणि बराच वेळ माझ्याकडे वळलाच नाही. ते दोघं लहानपणी त्याच बंदुकीवर नेम शिकले होते.

गुडविन दुकानातच होता, शेगडीशेजारी बसून लिमलेटची गोळी चघळत. "कोणासाठी बंदूक?" त्याने विचारलं.

"आजोबांसाठी," मी म्हटलं.

"त्यांना कशाला? त्यांना नखं आहेत की."

सगळे हसले. तोही हसला, आपण काही चांगलं बोललो हे कळून. असा तो मधूनच परत यायचा, आणि मग मला वाटायचं की डॉक्टरीणबाई खोटारडी आहे.

शेवटी डेल्बर्टने ती काढली. आखूड, काळी, दिसायला ओबडधोबड. पुढची मूठ मागे ओढायची, पुढे ढकलायची, की काडतूस आत जातं. छऱ्यांचं काडतूस नव्हे, शिशाची अख्खी गोळी असलेलं. "जवळून हिच्यासारखी दुसरी नाही," तो म्हणाला. "आणि हे बघ. हे बारीक बटण. हे दाबल्याशिवाय मूठ हलत नाही. ज्याला माहीत नाही तो ओढत बसेल."

गुडविनने असली बंदूक आयुष्यात हातात घेतली नव्हती. तिला तो बदकं उडवायची फुंकणी म्हणायचा. आणि नवीन काही शिकणं आता त्याला शक्य नव्हतं. काल काय खाल्लं ते ज्याला सांगता येत नाही तो बटण काय लक्षात ठेवणार?

"हीच दे," मी म्हटलं.

डेल्बर्ट काडतुसं काढता काढता थांबला. आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, तो तुला ओळखतो ना अजून?"

"मला? मी ओरडते ना. ओरडण्यावरून ओळखतो."

---

वरचे पहिले दिवस काय सांगू. लग्नानंतरचेही तसे गेले नव्हते, तेव्हा सासू होती. गुडविनने एका दिवसात शेगडीचा पाइप साफ केला, छपरावरचा बर्फ उतरवला, सापळे काढून एकेक उकळून टांगले. मी गाठ मारली की सोडून पुन्हा मारायचा आणि म्हणायचा, "एफी, तुझ्या गाठीनं तर ससासुद्धा अडकणार नाही." मी त्याला चार शिव्या हासडायची आणि लाकडाच्या ढिगामागे जाऊन रडून घ्यायची. सुखानं हो. माझं नाव घेत होता तो, दिवसातून कितीदा तरी.

बंदूक पडवीत, खुंटीला. नोरालीने तिच्यासाठी किल्लीची एक पेटी पाठवली होती, घरात पलंगाखाली ठेवायला. तिच्यात मी सुईदोरा आणि बटणं भरली. अहो, थंडीतून बंदूक घरात आणली की तिला घाम फुटतो. तो घाम नळीत, चापात सगळीकडे बसतो. मग बाहेर न्या, दगड होते. म्हणून आमच्याकडे हिवाळ्यात बंदूक कधी आत येत नाही. तेल पुसून कोरडी करायची, पोटात काडतुसं भरायची, नळी मोकळी ठेवायची आणि गार पडवीत टांगायची. बारकी पोरंसुद्धा जाणतात. शहरातली माणसं बंदूक उशाशी घेऊन झोपतात आणि वर आपल्याला अक्कल शिकवतात.

मला मात्र तिची सवय नव्हती. म्हणून रोज सकाळी पडवीत उभी राहून सराव करायची, काडतुसं काढून ठेवून. तोंडानं म्हणत म्हणत, म्हणजे हाताला लागेल. "बटण दाब. मागे ओढ. पुढे ढकल. खांद्याला." गुडविन उंबऱ्यावर बसून सुरीला धार लावायचा आणि बघायचा. "पळा रे बदकांनो, एफी आली," म्हणायचा. पुन्हा बघायचा.

मग खरी थंडी पडली. सूर्य दुपारी डोंगराच्या कडेवर नुसता टेकायचा आणि बुडायचा. आणि गुडविन खिडकीशी उभा राहायला लागला.

"तिथे उभे आहेत," तो म्हणाला.

"कोण?"

"आजोबा. पलीकडच्या काठावर."

मी काचेवरचा बर्फ नखानं खरवडून पाहिलं. झाडं होती, काळी, खांद्यावर बर्फ घेतलेली. "झाड आहे ते."

"काल नव्हतं तिथे झाड."

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, अलीकडे आलेत. तिसऱ्या दिवशी म्हणाला, बसलेत. मी झापलं त्याला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की दिसायला लागेल, नसलेलं दिसेल, वाद घालू नका. पण वाद घातला नाही तर मी एफी कसली. आमची म्हातारी कुत्री, बिस्किट, तिनंही तेव्हाच नखरे सुरू केले. बाहेर सोडली की दारातच बसायची आणि खरडत परत आत यायची. भुंकायची नाही. ते मला आवडलं नाही. बिस्किट पानगळीवरही भुंकणारी कुत्री.

एका सकाळी लाकडं आणायला गेले तर काठावरून ढिगापर्यंत खळगे दिसले. रुंद, रात्रीच्या बर्फानं अर्धे भरलेले. गुडविनचेच असतील, बर्फात चालायच्या जाळीच्या चपलांचे, मी स्वतःला म्हटलं. एकात पाय ठेवून पाहिला, घोट्याभोवती जागा उरली. मग झाडू आणला आणि सगळे पुसून टाकले, त्याला दिसू नयेत म्हणून. पुसताना मी एकदाही मागे बघितलं नाही. आता विचाराल का, तर मला सांगता येणार नाही.

आणि त्याच संध्याकाळी मी पापण्यांवर हिम घेऊन घरात आले तर गुडविन माझ्याकडे बघतच राहिला.

"तू एफीच ना?"

"नाही, गव्हर्नर आहे. चहा ठेव."

तो हसला. पण जरा उशिरा हसला.

---

त्या दिवशी मी बर्फाखालचा माशांचा सापळा बघायला निघाले होते. नदीवरच, हाकेच्या अंतरावर. गुडविन दारात आला. "बंदूक घेऊन जा, एफी."

मला राग आला. घेतली असती तर म्हणजे मीही मान्य केलं असतं, की आहे तिकडे काहीतरी. मग तो खिडकीतून हललाच नसता. "नेत नाही," मी म्हटलं. "बघ, रिकाम्या हातानं चाललेय. तिकडे काही नाही, म्हणून नेत नाही. आत जा आणि शेगडी बघ."

सापळ्यात दोन मासे होते. ते पोत्यात घालत होते तेव्हा दिवस निळा पडायला लागला होता. वारा नव्हता. आणि पलीकडच्या काठावर आवाज झाला. बारीक, किणकिण. खोक्यात काचेचे पेले भरून कोणी हळूहळू चालावं तसा. थांबला. पुन्हा झाला, थोडा खालच्या अंगाला. मी अजून कोरडी होते तेव्हा हा आवाज ऐकला. हे मी नोरालीला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, पण तुम्ही ध्यानात ठेवा. मी कोरडी होते.

मासे तिथेच टाकले. पळायचं नाही हे माहीत असूनही पळाले, आणि आल्या वाटेनं न जाता जवळची वाट धरली. मऊ बर्फाखाली पाणी साचलेलं असतं, नदी दाबानं वर टाकते ते. लेकरं पण तिथे पाय टाकत नाहीत. मी कमरेपर्यंत आत गेले. हात टेकले तर कोपरापर्यंत आत.

कशी बाहेर आले मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की लहानपणापासून शिकवलेलं अंगानं आपोआप केलं. ओलं झालं की कोरड्या बर्फात लोळायचं, बर्फ पाणी शोषतो. मी लोळले. पोटावर, पाठीवर. फरचा कोट पाहता पाहता कडक झाला. टोपीची झालर तोंडाभोवती गोठून पुढे आली. कोपर वाकेना, गुडघा वाकेना. तशीच वाकून, झुलत, काठ चढायला लागले. आणि पावलागणिक आवाज येत होता. किणकिण. किणकिण. या खेपेला तो माझ्या अंगातून येत होता.

घराच्या खिडकीत दिवा होता. पडवीचं दार सताड उघडं होतं आणि गुडविन बंदूक घेऊन उभा होता.

मी बघितलं त्याच्या हाताकडे. घाई नाही, चाचपणं नाही. अंगठा बटणावर गेला. मूठ मागे आली, पुढे गेली. बंदूक खांद्याला लागली. अगदी माझ्यासारखी, अर्धं पाऊल मागे टाकून. ओठ हलत होते त्याचे. मी जे रोज म्हणायची ते म्हणत होता तो.

"थांबा, आजोबा," तो म्हणाला. आवाजात आदब होती. माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, माझ्या पुढ्यातल्या बर्फाकडे बघत होता. आजोबांसमोर बघायचं असतं तसंच.

"गुडविन! मी आहे! एफी! खाली कर ती बंदूक, मेल्या!"

ओठ गोठलेले. आवाज घशातून घोगरा, जाड निघाला, पण शब्द माझेच होते. गुडविनचं तोंड वेडंवाकडं झालं. मी त्याला आमचा पोरगा गेला तेव्हासुद्धा असं रडताना पाहिलं नव्हतं.

"तिचा आवाजही घेतलात," तो म्हणाला.

काय बोलणार? जे बोलेन ते एफीच्या आवाजात असणार. ओरडले तर ओरडणंही घेतलं म्हणेल. पाय कळेनासे झाले होते. थोडा वेळ असंच उभं राहायचं, की मग गोळीची गरजच नाही. बिस्किट त्याच्या पायामधून बाहेर आली. मी मनात म्हटलं, ये ग बाई, तू तरी वासानं ओळख. ती माझ्याकडे आली नाही. माझ्या मागे, नदीकडे बघत राहिली. पाठीवरचा केस न् केस उभा. मग पोटावर सरपटत परत आत गेली. मी मान वळवली नाही. देवाशपथ सांगते, वळवता आली असती तरी वळवली नसती.

"मी तुम्हाला मारणार नाही," गुडविन म्हणाला. तो हळूहळू, शब्द शोधत बोलत होता. "मारलं तर ती आत आहे. तिलाही लागेल." त्याने बंदूक खांद्यावरून काढली आणि बर्फात आडवी ठेवली. हातमोजे काढले, उघडे पंजे दाखवले. त्या थंडीत. "आत या. शेगडी पेटलीय. तिला थंडी सोसत नाही, बोलून दाखवत नाही ती, पण सोसत नाही."

तो बाजूला सरून मान खाली घालून उभा राहिला. मी त्याच्या जवळून, किणकिणत, माझ्या घरात गेले.

---

त्याने मला हात लावला नाही. लाकडं घातली, शेगडी लालभडक केली, आणि मूसच्या छातीचा चरबीचा तुकडा, आम्ही पाहुण्यासाठी राखतो तो, ताटलीत घालून माझ्या पुढ्यात सरकवला. कोट वितळायला लागला. दाताने, नखाने सोडवून मी एकेक कपडा काढला. बोटं आगीत घातल्यासारखी पेटली होती, मी मोठ्याने रडत होते आणि मला त्याची लाज नव्हती. सगळं उतरलं, केस मोकळे झाले, तेव्हा वाटलं आता बघेल. आतल्या सदऱ्यात त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हातारी, ओली, त्याची.

"बघ ना रे. एफी आहे."

त्याची नजर जमिनीवरच होती. "मोठं मन तुमचं, आजोबा," तो म्हणाला. "कातडं उतरवून आमच्यात बसता."

पायाची दोन बोटं काळी पडली, बाकी मी वाचले. दुसऱ्या दिवशी बंदुकीतली काडतुसं मी माशांच्या भोकातून नदीत सोडली. त्याला कळलं नाही, किंवा कळून बोलला नाही. पलीकडचा काठ त्यानंतर गप्प आहे. बिस्किट पुन्हा भुंकते. खिडकीशी आता तो उभा राहत नाही. कशाला राहील? ज्याची वाट बघायची तो घरात आहे.

पहिले काही दिवस मी आकांडतांडव केलं. लग्नातला फोटो नाकासमोर धरला. भांडी आपटली. तो घाबरून कोपऱ्यात बसायचा आणि मला सुका सामन द्यायचा. मग मी सोडलं. भांडण करायला समोर माणूस लागतं.

तसा तो छान आहे. खरंच सांगते, इतका छान कधीच नव्हता. लाकूड, पाणी, सापळे, सगळं करतो. हात अजून शाबूत आहेत. पहिला घास माझा असतो. फक्त माझ्या डोळ्यांत बघत नाही. बर्फ फुटला की नोराली विमान घेऊन येणार आहे आणि मला ठाऊक आहे, ती त्याला नेणार. ती दारात येईल तेव्हा तो तिला काय समजेल, देव जाणे.

रोज अंधार पडायला लागला की तो शेगडीच्या त्या अंगाला बसतो, अदबीनं, थोडा लांब, आणि एफीबद्दल बोलतो. सांगतो, पहिल्यांदा तिला मासे कापताना पाहिलं तेव्हा तिचा रुमाल निळा होता, आणि तो मुद्दाम तीनदा तिच्या होडीवरून गेला. सांगतो, पोरगा गेला तेव्हा ती रडली नाही, म्हणून त्यालाही रडता आलं नाही, आणि तो जंगलात जाऊन झाडावर डोकं आपटून आला. ती ओरडायची फार, म्हणतो. ती ओरडत असली की मला वाटायचं घरात सगळं ठीक आहे. हे तिला कधी सांगितलं नाही, म्हणतो, सांगायला हवं होतं.

अख्ख्या संसारात या माणसानं मला यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

मग तो थांबतो, आणि माझ्या पायांकडे बघत विचारतो, "आजोबा, ती आत बरी आहे ना? तिला ऐकू येतं का हे?"

"येतं," मी म्हणते.

"काही म्हणते का?"

"म्हणते, अजून बोल."

मग तो शेगडीत एक लाकूड सारतो, आणि बोलतो.